नियोजित

संस्था काढायला सात माणसं लागतात आणि तिचं नाव ठरवायला सातशेही पुरत नाहीत. सात हा आकडा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यातला. सातशेचा अनुभव आमचा. नांदेड-लातूरकडची आम्ही काही निवृत्त मंडळी, कुणी मास्तर, कुणी बँकेतले, एक पंचायत समितीतले, हौसेनं एकत्र आलो. काम पक्कं होतं: आसपासच्या शाळा, पतसंस्था, बचत गट यांची घडी बसवून द्यायची. मीटिंग वेळेवर व्हावी, प्रोसिडिंग मीटिंगच्या आदल्या दिवशीच लिहून तयार नसावं, अध्यक्षांच्या मागं चिरंजीव सोडून आणखीही कुणी उभं दिसावं, बस. पुण्या-मुंबईकडं याला संस्थात्मक विकास म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

'संस्था विकास मंच' हे नाव लातूरच्या सरांनी जागीच उडवलं. "आपल्याकडं संस्थेचा विकास म्हणलं की लोक आधी चालकाचा बंगला बघायलेत," म्हणाले. मग बँकवाल्यांनी सवयीनं एक भरभक्कम नाव काढलं: 'मराठवाडा ग्रामीण सर्वांगीण विकास बहुउद्देशीय सेवाभावी संस्था'. यात 'बहुउद्देशीय' कशाला, असं कुणी विचारलं नाही. आमच्या भागात तो शब्द घालायचाच असतो. उद्या गोशाळा काढावी लागली तर? हे नाव घेऊन मी कोर्टाजवळच्या शिक्केवाल्याकडं नमुना दाखवायला गेलो. त्यानं कागदावर गोल काढला, अक्षरं मोजली, पेन कानाला लावलं. "सर, गोलात बसना झालंय. 'सेवाभावी' काढता का? नाहीतर चौकोनी घ्या." सेवाभाव काढायचा की गोल शिक्का सोडायचा, यावर पुढची आख्खी बैठक गेली.

महापुरुषाचं नाव घ्यावं, अशीही सूचना होती. त्यावर कुणी हसलं नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं 1978 च्या जुलैत केला; नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. मधल्या काळात घरं जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळ्यांना त्या नावापायी जिवे मारलं गेलं. जिथं नावाची एवढी किंमत मोजली गेली, तिथं आपल्या आठवड्याच्या चहापाण्याच्या मंडळावर थोरांची नावं लावणं बरं दिसत नाही, असं पंचायत समितीवाले म्हणाले. ते एरवी फार कमी बोलतात.

त्याच 1994 च्या सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. स्वामीजी मूळचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. संन्यास घेतला तेव्हा जुनं नाव सुटलं. पोरांनी विद्यापीठाचं लांबलचक नाव कधीच आटवून 'स्वारातीम' करून टाकलंय. अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालयही स्वामीजींच्याच नावाचं, ते 'स्वाराती'. शेवटच्या 'म'वर सगळी भिस्त. तो गळाला तर परीक्षेला निघालेला पोरगा केसपेपरच्या रांगेत उभा राहायचा.

गावांची नावं घालावीत, तर नांदेड आधी की लातूर? महसूल आयुक्तालय कुठं व्हावं यावरून या दोन शहरांत जी ओढाताण झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही तर अहमदपुरात मध्यावर भेटतो तेच त्यासाठी. शिवाय नावात गाव असलं म्हणजे पत्ता लागतोच असं नाही. 'लातूर रोड' वाचून रेल्वेतून उतरलेला नवखा माणूस चाकूर तालुक्यात उभा असतो.

मला विचाराल तर या भागातलं सगळ्यात चाललेलं नाव 'लातूर पॅटर्न'. त्याचं बारसं कुठल्या कार्यकारिणीनं केल्याचं मी ऐकलं नाही. शाहू, दयानंद या कॉलेजांची पोरं बारावी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, तासांमागून तास, सरावामागून सराव अशी ती पद्धत गाजली, आणि लोक नावानं बोलू लागले. पॅटर्न चांगला की पोरांना पिळणारा, हा वाद वेगळा. मी दुसऱ्या बाजूचा. पण नाव चिकटलं. उलट 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गाडी आली, तिला 'जलदूत' असं देखणं नाव होतं. आमच्याकडं मात्र ती पाण्याची रेल्वेच राहिली.

हे मी बैठकीत मांडलं. काम सुरू करू, नाव मागून येईल. बँकवाले म्हणाले, नावाशिवाय पावती कशी फाडायची? म्हणून तोवर पत्रांवर नुसतं 'नियोजित' लिहायचं ठरलं, पुढं जागा कोरी. त्या कोऱ्या जागेवर दोन पतसंस्थांची प्रोसिडिंगं सुधारली आणि एका शाळेत अध्यक्षांच्या मेहुण्यांनी खजिनदारपद सोडलं, तेही न भांडता.

गेल्या आठवड्यात लोह्याकडून एका बचत गटाच्या ताईंचा फोन आला. "नियोजितवाले सरच ना तुम्ही? आमच्याकडं कधी येताव?"

लातूरच्या सरांचं म्हणणं, धर्मादाय कार्यालयात हे नाव चालणार नाही. शिक्केवाला मात्र खूश आहे. गोलात बसतं, वर दोन फुलंही काढता येतात म्हणाला.