वहिनी, पेटी घ्या, पण पाणी बघून

“तात्या, ह्या पोरानं माझं डोकं उठवलंय,” म्हणत वहिनी कंपाउंडच्या भिंतीला टेकल्या. वहिनी टेकल्या म्हणजे अर्धा तास गेला, हे विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. “साताऱ्याला मामाकडं जाऊन आल्यापासून एकच धोशा. लाटांत उभं राहून फोटो काढायचेत म्हणे. कॅमेऱ्याला पाणी न शिरणारी पेटी पाहिजे. आणि पेटी कॅमेऱ्याहून महाग! तुमचा जन्म स्टुडिओत गेला, तुम्हीच सांगा. आणि आपल्या सांगलीला कुठं आलाय हो समुद्र?”

सांगलीला नाही, पण साताऱ्याच्या मामाला तो फार लांबही नाही. कराडला आलं की पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, खाली चिपळूण आणि पुढं गुहागर. नाश्ता घाटात, जेवण समुद्रावर. मामांनी सर्फिंगची फळीसुद्धा घेतलीय. ती गोडोलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी असते आणि मामी तिच्यावर पापड वाळवतात, अशी आतली बातमी. मामा फळीवरून पडणार आणि भाचा पाण्यात उभा राहून त्यांचे फोटो काढणार, असा बेत.

“पेटी कुठली बघितलीय त्यानं?” मी विचारलं.

वहिनींनी मोबाइल भिंतीवरून पुढं केला. ॲल्युमिनियमची, दोन बाजूंना दोन मुठी, अंगभर बटणं. वस्तू देखणी. पण मी म्हटलं, “वहिनी, ही पाणबुड्यांची पेटी आहे. ह्याला काय करायचीय?”

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. तारकर्लीला स्कूबावाले खाली जातात, तसं जायचं असेल तर धातूची जाड पेटी हवी. तिथं शांतपणे एकेक बटण दाबत बसायला वेळही असतो. आपला गडी उभा राहणार कमरेएवढ्या पाण्यात. त्याला खोलीचं भय नाही, लाटेच्या तडाख्याचं आहे. एका हातानं पोहायचं, दुसऱ्या हातात कॅमेरा, आणि लाट आली की तीच पेटी आपल्या नाकावर. म्हणून लाटांतले फोटोवाले पेटी लहान आणि हलकी घेतात. बटणं मोजकी, खाली पिस्तुलासारखी मूठ, मुठीला खटका. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर किंवा त्याहून वेगात, फोकस कसा ठेवायचा ते, सगळं किनाऱ्यावरच ठरवून पेटी बंद करायची. पाण्यात गेल्यावर फक्त खटका. मेन्यू उघडून बसलं तर तोवर मामा वाळूत पोचलेले असतात.

“म्हणजे कमी बटणाची ती स्वस्त?”

“तुलनेनं. पण खरी गोम पुढंच आहे.” ही पेटी एकाच मॉडेलच्या मापानं बनते. कॅमेरा बदलला की पेटी अडगळीत. पुढची काच, म्हणजे पोर्ट, ती लेन्सप्रमाणे वेगळी घ्यायची. तुमच्या धाकट्यानं गेल्या दिवाळीत घेतलेला कॅमेरा आत्ताच त्याला जुना वाटायला लागलाय, हे मला आमच्या नातवाकडून कळलंय. (वहिनींना ते माहीत नव्हतं. घरात जरा गडबड होणार.) मग दोन वर्षांत बदलायच्या कॅमेऱ्यासाठी त्याच्याहून महाग पेटी कशाला?

“आणि ते प्लास्टिकचं पाकीट असतंय ते? शेजारच्या गल्लीतल्या सरांच्या जावयाकडं होतं बघा.”

“वहिनी, जावयाकडं पाकीट नव्हतं, चांगली टणक पेटीच होती. पाणी तरीही शिरलं.” ही गोष्ट गल्लीत चार प्रकारे सांगतात, मला सरांनीच सांगितलेली अशी. जावई तारकर्लीला गेले, कार्ड भरलं, तर वाळूत बसूनच पेटी उघडली, कार्ड बदललं, झटकन बंद केली आणि परत पाण्यात. रबरी रिंगवर वाळूचा एक कण राहिला होता.

आता रिंगबद्दल वहिनींना मी काय सांगणार! कुकरच्या रिंगला एक शीत चिकटलं तर वाफ कशी फुसफुसते, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. फरक एवढाच की कुकरात दाब आतून असतो, इथं बाहेरून. खोल गेलं तर पाणीच झाकण आणखी आवळतं. वरच्या दोन-चार फुटांत हा आवळ नसतो आणि लाट बाजूनं दणका देते. उथळ पाणी म्हणून निर्धास्त राहायचं नाही ते त्यासाठी. रिंगवर केस, वाळू, टॉवेलचा धागा, काहीही चालत नाही. ग्रीस लावायचं ते बोटानं, चकाकी येईल इतपतच. थापलं तर कचरा धरतं. आणि ग्रीस कंपनीनं सांगितलेलंच. रिंग सिलिकॉनची असेल आणि तिला सिलिकॉनचं ग्रीस चोपडलं तर ती फुगते.

“मग जावयानं केलं काय?”

“सासूबाईंनी कॅमेरा तांदळात पुरला. दोन किलो आंबेमोहोर.” वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. तांदळानं काही होत नाही, उलट पिठूळ धूळ आत जाते. खारं पाणी शिरलं तर कॅमेरा बंद करायचा, बॅटरी काढायची, सुरू करून बघायचा मोह टाळायचा आणि थेट दुरुस्तीला न्यायचा. तरी बहुतेक वेळा तो गेलेलाच असतो. मीठ आतल्या तांब्याला सोडत नाही.

म्हणून नवी पेटी आली की कॅमेरा न घालता, आत कागदी रुमाल ठेवून, अर्धा तास बादलीत दाबून धरायची. रुमाल कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. काही पेट्यांना हवा खेचायचा छोटा पंप मिळतो. निर्वात टिकला तर पेटी घट्ट, हे पाण्यात उतरण्याआधीच कळतं. मी तर म्हणेन, दोन जादा बटणांचे पैसे वाचवून तो पंप घ्यावा. कोकणातली दमट हवा आत कोंडली की थंड पाण्यात काचेवर वाफ धरते, तेव्हा पेटी आदल्या रात्री कोरड्या खोलीत सिलिका जेलची पुडी घालून बंद करावी. आणि परत आल्यावर गोड्या पाण्यात भिजत ठेवून प्रत्येक बटण पाण्यातच चार वेळा दाबावं, नाहीतर बटणाखाली मीठ बसतं.

वहिनींच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. त्या हलल्या नाहीत. “ते गोल भिंग कशाला असतंय पुढं? तो म्हणतो गोलच पाहिजे.”

इथं पोराचं बरोबर आहे, अर्धं. सपाट काचेतून पाण्याखालची वस्तू तिसऱ्या हिश्शानं मोठी दिसते आणि दृश्याची रुंदी कापली जाते. गोल घुमट ती रुंदी राखतो. अर्धा फोटो पाण्यावर, अर्धा खाली, असा हवा असेल तर घुमट मोठाच लागतो. पण मोठा घुमट लाटेत ओढला जातो, आणि त्याच्या मागं जवळचा फोकस धरणारी लेन्स असावी लागते. पाण्यावरूनच लाट टिपायची तर सपाट काच पुरते. काचेवर थेंब साचतात ती खरी डोकेदुखी. त्यावर जगभरचे लाटांतले फोटोवाले काय करतात माहितेय? काच जिभेनं चाटतात आणि पाण्यात बुडवतात, म्हणजे थेंब न होता पाण्याचा पातळ थर बसतो.

“शी! घरी नाही हां चाटायची,” वहिनी म्हणाल्या. पेटीला परवानगी मिळाल्यात जमा होती.

ही हौस आजची नाही. हवाईच्या वायकिकी किनाऱ्यावर टॉम ब्लेक नावाचा सर्फर पाणबंद पेटीत कॅमेरा घालून लाटांत शिरला, ते फोटो 1935 साली नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आले. पुढं 2002 मध्ये निक वुडमनला सर्फिंग करताना मनगटाला बांधायचा कॅमेरा हवा होता, त्यातून गोप्रो निघाला. 2004 चा पहिला गोप्रो फिल्म रोलचा होता. 2016 च्या हिरो 5 पासून तो पेटीशिवाय दहा मीटरपर्यंत चालतो.

माझं मत ऐकाल तर धाकट्यानं आधी तसला छोटा ॲक्शन कॅमेरा घ्यावा. मोठ्या पेटीपेक्षा कितीतरी स्वस्त, बुडाला तरी मोठा कॅमेरा शाबूत. त्याला झूम नाही, लांबचा मामा मुंगीएवढा दिसेल, हे खरं. मग जवळ जायला शिकेल. लाटांतली फोटोग्राफी म्हणजे तेच. वर्षभर काढून हौस टिकली तर लहान, कमी बटणांची पेटी, आणि तीसुद्धा पाच वर्षं बदलणार नाही असा कॅमेरा ठरवून. फोनवर भिस्त नको. आयपी68 असलं तरी ती चाचणी गोड्या, थांबलेल्या पाण्यातली असते, आणि पाण्यानं बिघडलेला फोन सहसा वॉरंटीत बसत नाही.

सरावाला गुहागरच कशाला? पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळलेला असतो. पोराला उतरवायचं ते दिवाळीनंतर, लाट लहान आणि पाणी जरा निवळ असताना. तापोळा-बामणोलीला कोयनेच्या शिवसागरात लाट नाही, पण रिंग, काच, खटका सगळं शिकता येतं, मामाचं घरही जवळ. आपल्या कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात तेव्हा वल्ह्यांचे तुषार लाटेहून कमी नसतात. फक्त पाणी गढूळ, पाण्याखालचं काही दिसायचं नाही, म्हणजे घुमटाचे पैसे वाचले. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मात्र पाण्यात पाय घालायचा नाही, तिथं मगरी आहेत.

“आणि पूर आला की? तेव्हा तर तो हमखास धावणार.”

वहिनी, तेवढं मात्र निक्षून सांगा. 1929 चा आपला आयर्विन पूल, तिथं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत पेटी कितीही चांगली असली तरी घरातच राहील, आणि फोटो काढायचेच तर गच्चीवरून.