मास्तर, जरा हळू बोला

आमच्या बीदर-कलबुर्गी भागात माईक दिसला की माणूस आधी त्यावर दोन टिचक्या मारतो, मग जोरात फुंकर घालतो, मग "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतो आणि मांडवाच्या टोकाला बसलेल्या कुणीतरी हात वर केल्याशिवाय पुढे सरकत नाही. माणिकनगरचा उत्सव असो, लग्न असो की पंचायतीचा प्रचार, हा विधी चुकत नाही. कॉम्प्युटरच्या माईकवर हे संस्कार झालेले नसतात. तो टिचकीने दचकतो, फुंकरीने बधिर होतो आणि हात तर कधीच वर करत नाही.

निवृत्तीनंतर शाळेतल्या आठवणी लिहायला घेतल्या आणि मनगटाने संप पुकारला. तेव्हा उदगीरचा भाचा म्हणाला, "मामा, टाईप कशाला करूलालाव? नुसतं बोला, ते आपोआप लिहितंय." भरल्या वर्गात मागच्या बाकावर झोपलेल्या पोराला उठवणारा माझा आवाज. बोलण्याची मला काय भीती!

पहिला अडथळा भोकाचा निघाला. आमचा कॉम्प्युटर जुना. त्याला ऐकण्याचं भोक हिरवं आणि बोलण्याचं गुलाबी. माझ्याकडे होता मोबाईलचा इअरफोन, म्हणजे प्लग एकच. हिरव्यात घातला की मला ऐकू येई, कॉम्प्युटरला नाही. गुलाबीत घातला की दोघंही गप्प. चौबाऱ्याजवळच्या दुकानातल्या पोराने प्लग डोळ्यांपुढे धरून निदान केलं, "अंकल, तीन पट्टी का है ये. इसको वाय लगता." खरंच होतं ते. प्लगवरच्या तीन काळ्या पट्ट्यांमुळे त्याचे चार तुकडे पडतात : डावा कान, उजवा कान, जमीन आणि माईक. जुन्या भोकांना तीनच तुकड्यांची ओळख. 'वाय' म्हणजे एका प्लगचे दोन करणारी वायर. ती दुकानात संपली होती. हैदराबादहून यायची होती.

तोवर शेजारच्या अण्णांनी मोठ्या मनाने भजनी मंडळाचा माईक आणून दिला. तो हातात धरला की आपोआप कीर्तनकाराची पोज येते. त्याचा पाव इंची प्लग लहान भोकात बसवायला एक जोड आणला, मग अण्णांनी खड्या आवाजात अख्खा अभंग म्हटला. पडद्यावरची आवाजाची पट्टी जागची हलली नाही. अण्णांना हा अपमान वाटला, पण त्यात गळ्याचा दोष नव्हता. मांडवातल्या माईकमध्ये तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि त्यातून जेमतेम काही मिलिव्होल्टचा संकेत निघतो. तो फुगवायला अॅम्प्लिफायर लागतो. इअरफोनमधला चिमुकला माईक वेगळ्या जातीचा. 1962 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी शोधलेल्या इलेक्ट्रेट माईकचं ते बाळ. त्याला लागणारी इवलीशी वीज कॉम्प्युटरच पुरवतो.

अण्णा हार मानणारे नव्हेत. सेटिंगमध्ये शिरून त्यांनी 'माईक बूस्ट' नावाची खुंटी शोधली आणि थेट शेवटाला, 30 डेसिबलवर नेऊन ठेवली. 30 डेसिबल म्हणजे संकेत तीसपटीहून मोठा. आता अभंगातले दोन-तीन शब्द उमटले. अण्णा प्रसन्न झाले आणि एकादशी आल्यामुळे माईक घेऊन गेले. खुंटी तिथंच राहिली.

वायर आली. मी इअरफोन लावला, घसा खाकरला आणि पहिल्या प्रकरणाला हात घातला : हेडमास्तरांनी मला जवळ बोलावून बदलीची बातमी कशी दिली, तो प्रसंग. सांगताना माझा आवाज सवयीप्रमाणे चढला. पडद्यावर उमटलं : "हेड मस्त राणी मला जवळ गॅस बंद करा दूध उतू चाललंय."

शेवटचे सहा शब्द बायकोचे होते. स्वयंपाकघरातून, दोन भिंतींपलीकडून आलेले. एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. मी पुन्हा बोललो, आणखी स्पष्ट, म्हणजे आणखी मोठ्याने. माझ्या शब्दांचा चिवडा झाला आणि तिचं "अहो, ऐकू येतंय का?" मात्र छापील निघालं. घरात कुणाचं ऐकलं जातं याचा लेखी पुरावा तयार व्हायला लागला, तेव्हा मी भाच्याला फोन केला.

त्याने पडद्याचा फोटो मागवला, खुंटी पाहिली आणि हसत सुटला. संकेत तीसपट फुगवल्यावर तोंडाशी आलेला मोठा आवाज मोजपट्टीत मावत नाही. लाटेची टोकं कापली जातात आणि शब्दाचा नुसता खरखराट उरतो. लांबून आलेला बारीक आवाज मात्र फुगून नेमका मापात बसतो. "मामा, तुमचा माईक बरोबर हाय. मामीला धरून लावलेला हाय, एवढंच."

या चुकीला मोठी परंपरा आहे. 2006 च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने आपल्या 'व्हिस्टा' प्रणालीचं श्रुतलेखन भर सभेत करून दाखवलं. पत्र आईला लिहायचं होतं. यंत्राने मावशीला लिहिलं. 'खोडून टाक' म्हणून दिलेले हुकूमही मजकुरात उमटत गेले आणि सभा हसून लोळली. नंतर कारण कळलं : प्रणालीतल्या दोषामुळे माईकचा आवाज नको तेवढा वर चढला होता. म्हणजे तिथेही कुणीतरी अण्णा होतेच.

खुंटी शून्यावर आणली, माईक ओठांच्या कोपऱ्याशी घेतला. अगदी समोर धरला तर भ, फ, घ, ख म्हणताना हवेचा झोत थेट त्यावर आदळतो, आणि मराठीत या अक्षरांची काही टंचाई नाही. उरला घुमारा. आमच्या उंच छताच्या, मोकळ्या खोलीत शब्द भिंतीवर आपटून परत येतो. विजापूरच्या गोलघुमटात लोक या सुखासाठी तिकीट काढतात; कॉम्प्युटरला मात्र एकच शब्द उशिरा पुन्हा आलेला चालत नाही. भाचा म्हणाला, गोधड्या टांगा. खिळे ठोकायला घरातून परवानगी मिळाली नाही, म्हणून गोधडी मीच पांघरून बसलो आणि आतून कुजबुजत सांगू लागलो. भाजीवालीने बायकोला विचारलं, मास्तरांचा ताप उतरला का?

विमानांवर मात्र गोधडीचा इलाज चालत नाही. बीदरला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, पोरं 'हॉक' विमानांवर शिकतात. 'सूर्यकिरण' हा कसरतींचा चमूही इथलाच. विमान डोक्यावरून गेलं की वाक्य जिथं असेल तिथं थांबायचं, खिडकीतून अभिमानाने पाहायचं आणि मग क्रियापद सांगायचं. पंख्याची एकसुरी घरघर गाळायला सॉफ्टवेअर शिकलंय. जेट एकसुरी नसतं.

इतकं झाल्यावर माझं पुस्तकी मराठी सुरळीत उमटू लागलं. आणि तेव्हा खरी अडचण उघडी पडली, कारण माझ्या आठवणीतली माणसं पुस्तकी बोलत नाहीत. आमचा शिपाई रोज विचारायचा, "एन्री मास्तर, आज बाजारला चलूलालाव का, की नक्को?" कॉम्प्युटरने लिहिलं, "एंट्री मास्टर आज बाजाराला चालू लालू का की नको." माझ्या शाळेत विनाकारण बिहारचं राजकारण शिरलं.

पट्टी छान हलत होती, माईकला नाव ठेवायला जागाच नव्हती. अडचण आमच्या सरमिसळ बोलीची होती. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याबरोबर गेले, जहीराबाद-नारायणखेड तेलुगूकडे आणि उरलेलं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. तालुके वाटले गेले; शिपायाची जीभ वाटायची राहून गेली. 2017 च्या ऑगस्टात गूगलने आवाजी टंकलेखनात आठ भारतीय भाषा आणल्या, त्यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारही होत्या. अख्खं बीदर एका दिवसात आलं म्हणायचं! पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकच भाषा निवडायची असते, आणि आमच्याकडे भाषा वाक्याच्या मध्यात बदलते. शिपायासाठी मी कितीदा यादी उघडणार?

यंत्र जे ऐकून शिकतं, तेच ओळखतं. आमच्यासारखं बोलणं त्याच्या कानावर फारसं पडलेलं नाही, एवढंच याचं कारण. म्हणून भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद इथल्या वाचकांना विनंती आहे. केंद्र सरकारच्या 'भाषिणी'चा 'भाषादान' हा उपक्रम आहे. त्यात 'बोलो इंडिया' उघडा आणि समोर येणारी वाक्यं आपल्या आवाजात, आपल्या हेलात वाचून या. मराठीत वाचा, कन्नडही येत असेल तर तीही वाचा. फक्त बूस्टची खुंटी आधी खाली आणा, आणि बीदरात राहत असाल तर विमानं उडायच्या आत उरका.