लग्नपत्रिका डॉट एपीके पाठवणाऱ्या सन्माननीय महोदयांस

प्रति,
सन्माननीय एपीके-प्रेषक महोदय,
मुक्काम ठाऊक नाही, पोस्ट आमच्या सगळ्यांचे मोबाईल.



आपली लग्नपत्रिका पोचली. आभारी आहोत. हल्ली सख्खे नातेवाईकही पत्रिका द्यायला उंबऱ्याशी येत नाहीत. आपण मात्र ओळखदेख नसताना जुन्या वस्तीपासून स्टेशन विभागापर्यंत मूर्तिजापूरची आठवण ठेवलीत. नवरा कोण, नवरी कोणाची, मंगल कार्यालय कोणतं, हे लिहायला आपल्याला सवड झाली नसावी. फाइलचं नाव तेवढं ठसठशीत होतं: लग्नपत्रिका, मग एक टिंब, आणि टिंबापुढे एपीके.

त्या टिंबापुढच्या तीन अक्षरांबद्दल आपले विशेष आभार. आपली ओळख पटावी अशी तेवढी एक खूण आपण कृपा करून शिल्लक ठेवता. पत्रिका म्हणजे फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. ती उघडायची, तिथी-मुहूर्त पाहायचा, बंद करायची. एपीके ही अँड्रॉइड फोनमध्ये नवं ॲप बसवणारी फाइल असते. जगातली कुठलीही पत्रिका ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. एवढी एक गोष्ट घरोघरच्या आई-आजोबांना कोणी नीट बसून सांगितली असती, तर आपल्याला इतकी आमंत्रणं पाठवण्याचे कष्ट पडले नसते. ते सांगण्याचं काम आमचं होतं.

आपल्या ॲपचा विनय तर काय वर्णावा! आल्या आल्या ते परवानगी मागतं. अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? मेसेज वाचू का? पाठवू का? फोन मध्येच बजावतो की हे ॲप धोक्याचं असू शकतं. पण प्रत्येक कामाला ‘अलाऊ’ दाबायची सवय झालेलं बोट तिथेही दाबून मोकळं होतं. मग पडद्यावरून ॲपचं चिन्ह दिसेनासं होतं. माणसाला वाटतं, पत्रिका उघडलीच नाही, जाऊ द्या. आणि आत मात्र बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी, मालकाच्या नजरेला पडण्याआधी, आपल्या सेवेत रुजू होतो.

पुढची आपुलकी तर त्याहून मोठी. फसलेल्या माणसाच्याच व्हॉट्सॲपवरून आपण ती पत्रिका त्याच्या भावकीच्या, गल्लीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचवता. ‘ओळखीच्या नंबरवरून आलेलं उघडायला हरकत नाही’ असं आम्ही वडीलधाऱ्यांना शिकवून ठेवलं होतं. तो धडा आपण मोडीत काढलात. आता नंबर कोणाचा हे पाहून भागत नाही. फाइल कोणती हे पाहावं लागतं, आणि शंका आली तर ज्याच्या नावाने ती आली त्याला फोन लावून विचारावं लागतं.

आमच्या शेजारच्या काकूंनी आपली पत्रिका उघडली. तिसऱ्या दिवशी मोबाईल माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “मले त फक्त पत्रिका पाह्यची होती. पुतण्याचं जमलं होतं ना, वाटलं त्याचीच असन.” घरच्या लग्नाची वाट पाहणारी बाई आपण बरोबर हेरलीत, महोदय. लग्नसराई कधी सुरू होते हे आपल्याला आमच्या भटजींइतकंच ठाऊक असतं.

आपला शेतीचा अभ्यासही तितकाच सखोल. ‘पीएम किसान योजना’ नावाची एपीके फाइल आपण हप्ता जमा व्हायच्या सुमारास पाठवता. वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. हे गणित आपल्याला तोंडपाठ आहे. 2023 पासून राज्याने त्यात नमो शेतकरी योजनेचे आणखी सहा हजार घातले, याचीही आपण नोंद ठेवली असणारच. लाडकी बहीण योजनेतल्या बायकांना 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खोट्या वेबसाइट निघायला किती थोडा वेळ लागला! महिन्याचे दीड हजार मिळावेत म्हणून आधार क्रमांक टाकणाऱ्या बाईची आठवण सरकारच्या पाठोपाठ आपल्यालाच झाली.

इथे आपल्यापाशी एक कबुली मलाच द्यावी लागेल: आपण पेरलेलं इतकं का उगवतं, त्याची. आमच्या तालुक्यातला शेतकरी आज मोबाईल टाळूच शकत नाही. 2021 पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर त्याने स्वतः करायची. फार्मर आयडी काढायचा. 2025 च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नाव नोंदवायचं, तेव्हा कुठे लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपयांचा हमीभाव. म्हणजे पऱ्हाटीत उभं राहून, रेंज शोधत, एकामागून एक ॲप बसवणं हे त्याचं खरंखुरं सरकारी काम आहे. खऱ्या ॲपनीही त्याला आधार मागितला, ओटीपी मागितला, परवानग्या मागितल्या. त्याने सगळ्या दिल्या, कारण दिल्याशिवाय कापूस विकला जाणार नव्हता. त्याच आठवड्यात आपलं ॲप त्याच रंगात, तेच बोधचिन्ह लावून आलं. अशा माणसाला ‘लोभी’ म्हणणारे किंवा ‘अडाणी’ म्हणणारे शहरी शहाणे मला आपल्याइतकेच प्रिय आहेत.

ओळखायचं कसं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून आपल्या साक्षीने सांगतो. सरकारी ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायचं आणि बनवणाऱ्याचं नाव तिथे वाचायचं. व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून जे ॲप येतं ते, कोणाच्याही नावाने आलं तरी, बसवायचं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप बसवणे’ असा भाग असतो. तिथे व्हॉट्सॲपला दिलेली परवानगी बंद ठेवायची. बँकेची वेबसाइट उघडताना पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा आहे ना हे पाहायचं. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांना तिथे हलायला सांगितलं होतं. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. एकमेकांकडे यूपीआयवरून पैशाची मागणी धाडण्याची सोय तर 1 ऑक्टोबर 2025 पासून बंदच झाली. आपल्या एका जुन्या उद्योगावर ती गदा आली, त्याबद्दल आमच्या सहवेदना.

आरटीओच्या चलनाबद्दलही धन्यवाद. ज्यांच्या दारात सायकलही नाही अशांना आपण सिग्नल तोडल्याचा दंड पाठवलात. खरं चलन गाडीचा नंबर टाकून परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर पाहता येतं, एवढं सांगून तो विषय संपवतो.

घरच्या कॉम्प्युटरवरही आपली मेहेरनजर आहे. मुलगा अभ्यासाचं काही शोधत असतो आणि एकाएकी पूर्ण पडदाभर लाल खिडकी, भोंगा, ‘तुमचा कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा’. विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, तेव्हापासून जुन्या मशीनवाल्यांच्या मनात आधीच धाकधूक आहे. आपला भोंगा नेमका तिथे लागू पडतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधी नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, यादीतला ब्राउझर बंद करायचा, भोंगा गप्प होतो. फोन केलाच तर पलीकडचा गोड आवाज दुरून पडदा चालवणारं ॲप बसवायला सांगतो, आणि मग स्वतःच्याच टेबलावर स्वतःचाच माउस दुसऱ्याच्या हाताने फिरताना पाहायची वेळ येते.

तो गोड आवाज परका नसतो, हे मला सगळ्यात जास्त सलतं. 2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, तेव्हा अमेरिकेचे करअधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या लोकांना धमकावणारे शेकडो तरुण आमच्याच राज्यात बसलेले सापडले. बारावी-पदवी झालेली, नोकरी शोधणारी पोरं. आज आपण अशा पोरांना आणखी सोपं काम देता: फक्त बँक खातं वापरायला द्या, थोडे पैसे घ्या. लुटीची रक्कम आधी त्याच खात्यात पडते. पोलीस पहिल्यांदा पोचतात ते त्या पोराच्या दारात. आपण तोवर पुढच्या गावी पत्रिका वाटत असता. रोजगारनिर्मितीतला आपला हा वाटा कुठल्याच अहवालात येत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवला. बापहो, पोराचं पासबुक एकदा पाहून घ्या.

कधी आपण पोलीस होता, कधी सीबीआय, आणि व्हिडिओ कॉलवरच माणसाला अटक करता. असली ‘डिजिटल अटक’ कायद्यात कुठेच नाही. 27 ऑक्टोबर 2024 ला खुद्द पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून हे देशाला सांगावं लागलं. एवढा मोठा मान आमच्या तालुक्यातल्या कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आपला एकूण व्यवहारही त्या मानाला साजेसा आहे. 2024 या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत सुमारे 22,845 कोटी रुपये गमावले, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत सांगितलं. आधीच्या वर्षी हाच आकडा सुमारे 7,465 कोटी होता. हे झालं तक्रार नोंदवलेल्यांचं. जे बोललेच नाहीत त्यांचं काय?

आपल्याला सगळ्यात मोठी मदत होते ती याच न बोलण्याची. काकूंनी दोन दिवस घरात सांगितलं नाही. मुलगा ओरडेल, सून हसेल, ‘शिकलेल्या असून कशा फसल्या’ असं गल्ली म्हणेल, या धाकाने त्या गप्प बसल्या. त्या दोन दिवसांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले. आपलं ॲप बनवणाऱ्याला मी दोष देतोच, पण फसलेल्या माणसाला हसणारा प्रत्येक जण आपला बिनपगारी नोकर आहे. आपण त्या सर्वांचे आभार मानायला हवेत. ते नसते तर तक्रार त्याच तासात गेली असती.

गप्प न बसण्याचं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. दापुऱ्याला डेबू नावाचा एक मुलगा मामाकडे राहून गुरं राखायचा. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. मूर्तिजापूरचं गोरक्षण, धर्मशाळा ही त्यांचीच कामं. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली होती. डेबूला अक्षर वाचता येत नव्हतं. पण नांगरलेल्या शेताचा ताबा घ्यायला सावकार माणसं घेऊन आला, तेव्हा तो गप्प बसला नाही, सगळ्यांना त्याने शेतातून हाकलून लावलं. न वाचता उमटवलेल्या अंगठ्यावर त्या काळी शेतं जात. आज न वाचता दाबलेल्या ‘अलाऊ’वर खाती जातात. वाचता न येण्याची लाज डेबूला आडवी आली नाही, हे मी आता घरोघर सांगतो.

म्हणून आपला गैरसमज नको, यापुढे आपलं ॲप चुकून कोणाच्या फोनमध्ये शिरलंच तर आम्ही काय करणार ते आधीच कळवून ठेवतो. त्या फोनचं इंटरनेट आणि सिम लगेच बंद करू. दुसऱ्या फोनवरून 1930 ला आणि बँकेला सांगू. अचलपूर-यवतमाळची आमची शकुंतला रेल्वे थांबली ती थांबलीच. 1930 मात्र चोवीस तास चालू असतो. बँकेला सुट्टी म्हणून आपण शनिवारची रात्र निवडता, त्या रात्रीही. रक्कम ज्या खात्यात गेली ते लवकर गोठवता यावं म्हणूनच तो नंबर आहे, त्यामुळे आधी फोन, रडणं नंतर. व्यवहाराचा क्रमांक आणि आपल्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवू, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार लिहू. बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियम आहे; कळवल्याची वेळ लिहून घेऊ. कॉल दुसरीकडे वळवले असतील तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश फिरवून ते तोडू. ग्रुपवर ‘माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका’ असं स्वतःच्या नावानिशी लिहू. फोटो आणि नंबर वाचवून फोन पूर्ण कोरा करू, मगच त्यात बँकेचं ॲप पुन्हा घालू. आणि घरात कोणीही कोणाला हसणार नाही.

आता एवढंच मागणं आहे. काकूंच्या खात्यातले पैसे सीसीआयला दिलेल्या कापसाचे होते. त्यातून पुतण्याच्या लग्नाचा आहेर आणि पुढच्या पेरणीचं बियाणं व्हायचं होतं. तक्रार नोंदवली आहे, खात्यांची साखळी पोलिसांकडे आहे. ते पैसे परत करा.

आपला,
मूर्तिजापूरचा एक मोबाईलधारक