मालिका लिहिणाऱ्यांनो, एकदा मे महिन्यात या

गोरेगाव ते ठाणे या पट्ट्यातील समस्त मालिका-सिनेमा लेखक मंडळींस,
मनीषनगर, नागपूर येथून एका प्रेक्षक बाईचा सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. तुम्ही नसता तर नागपूरची माणसं कशी बोलतात, हे आम्हांला कधी कळलंच नसतं.

माझी पात्रता आधीच सांगून टाकते. मी समीक्षक नाही, महोत्सवाला जात नाही, शेवटी दिग्दर्शकाचं नाव येतं तोवर मी उठून दूध तापवायला गेलेली असते. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बघते आणि एप्रिल ते जून कूलरच्या आवाजात बघते. या कूलरचा विचार तुम्ही करत असाल, असा माझा दाट संशय आहे. खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पाण्याचा पंप, आणि पंखा पूर्ण स्पीडवर. हे सगळं सुरू झालं की हॉलमध्ये संवाद ऐकू येत नाहीत, ऐकू येतं ते फक्त पार्श्वसंगीत. तुम्ही सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा नेता आणि दरवेळी ‘ढॅण’ करता, ते पुण्याच्या लोकांना खटकत असेल. विदर्भात ती सोय आहे. ‘आई कुठे काय करते’ मी एक अख्खा उन्हाळा एकही वाक्य न ऐकता बघितली. अनिरुद्ध वाईट, अरुंधती सोसते, मध्ये संजना. पाऊस पडला, कूलर बंद झाला, संवाद ऐकू यायला लागले. नवीन काहीच कळलं नाही. मूळ मालिका बंगाली, ‘श्रीमोयी’. म्हणजे कोलकात्यातही कूलर असावेत.

आता मुद्द्यावर येते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’, 2016 ते 2021. राधिका आमच्या नागपूरची, म्हणून आमच्या बिल्डिंगीत तिला माहेरवाशिणीचा मान होता. तिचं काम करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, पण आमची बोली त्यांनी मनापासून उचलली, त्यांच्याबद्दल एक अक्षर वाकडं बोलणार नाही. कौतुक आहे ते तुमचं. बाई नागपूरची म्हटली की ती भोळी असणार, मोठ्यानं बोलणार, साडीचा पदर खोचून फिरणार आणि शिकलेल्या नवऱ्याला तिची लाज वाटणार, हे तुम्ही मनीषनगरात पाय न ठेवता ओळखलंत. इथे मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करून सकाळी स्कूटीवर घरी येणाऱ्या पोरी आहेत, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या, फक्त डोळे दिसतात. पण त्या भोळ्या दिसत नाहीत, तेव्हा त्यांचा उपयोग नाही हे मला पटतं.

पुढे राधिकानं मसाले कुटायला घेतले आणि बघता बघता ती तीनशे कोटींची मालकीण झाली. तो भाग सुरू असताना आमच्या सासूबाई हातात लाटणं घेऊनच बाहेर आल्या. “काहाचा मसाला आहे व तो? सोन्याचा का?” मला सांगता येईना. सासूबाई दर उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवतात, देठं खुडताना हात दिवसभर पेटलेले असतात, आणि मिरची भिवापुरी आहे की दुसरी कुठली हे त्या नुसत्या वासावर सांगतात. भिवापूर आमच्याच जिल्ह्यात, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. सावजीचा मसाला कोष्टी विणकरांच्या घरातून निघाला. माग थंडावले आणि कित्येक घरांनी खाणावळी टाकल्या. तीनशे कोटींच्या त्या मसाल्यात मिरची कुठली होती, खसखस कुणी भाजली, पहिलं गिऱ्हाईक कोण, उधारी कुणी बुडवली, यातलं काही आम्हांला दिसलं असतं तर सासूबाई लाटणं ठेवून खाली बसल्या असत्या. पण तुम्हांला राधिकाच्या सवतीकडे, शनायाकडे, जायची घाई होती. तीही मध्येच बदलली: रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, पुन्हा रसिका सुनील आली. त्या नवऱ्याला, गुरुनाथला, फरक पडला नाही, आम्हांला कशाला पडावा?

भरत गणेशपुरेंचं मात्र वेगळं. ते अमरावतीकडचे, आणि ‘चला हवा येऊ द्या’मध्ये त्यांनी वऱ्हाडी स्वतःच्या जिवावर खपवली. तुम्ही त्यावरून एवढाच बोध घेतलात की विदर्भाचा माणूस दोन मिनिटं आला की हशा पक्का. तेव्हापासून तुमच्या कथेत आमचा माणूस येतो तो शिपाई, वॉचमन नाहीतर नायकाचा रूममेट होऊन. अमरावतीची वऱ्हाडी आणि नागपूरची बोली तुम्ही एकाच पातेल्यात ढवळता, त्याचंही काही नाही. आम्ही स्वतः भाजीवाल्याशी हिंदीत भाव करतो आणि घरी येऊन मराठीत त्याला शिव्या घालतो, तेव्हा शुद्धतेचा आग्रह आमच्या तोंडी शोभणार नाही.

तुम्हीच इकडे यावं, असंही माझं म्हणणं नाही. आमचे लोक तरी कुठे थांबतात? राजकुमार हिरानी नागपूरचे, पण मुन्नाभाई मुंबईत आणि ‘थ्री इडियट्स’ दिल्ली-लडाखात. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला 2018 मध्ये गोळी घातली. तिची आठवण करून देणारी ‘शेरनी’ 2021 मध्ये आली तर जंगल मध्य प्रदेशचं. वाघिणीलासुद्धा इथे शूटिंग परवडत नाही. 2004 मध्ये नागपूरच्या कोर्टात कस्तुरबानगरच्या बायकांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादवला संपवलं, त्यावरचा ‘200 हल्ला हो’ मात्र मी कूलर बंद करून, घामाघूम होऊन बघितला आणि त्याच्यावर विनोद करणार नाही.

‘झुंड’ आला 2022 मध्ये. त्याआधी 2018 च्या डिसेंबरात बच्चनसाहेब शूटिंगला नागपुरात आले, तेव्हा शहरात ज्याला त्याला ते कुठे ना कुठे दिसले होते. आमच्या पेपरवाल्यालाही. हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचे, ती गोष्ट. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. मी खरं तर अर्धाच बघणार होते. पण कॉलेजच्या पोरांशी वस्तीतल्या पोरांची मॅच सुरू झाली आणि मी हलले नाही. त्या पोरांची ती नागपुरी हिंदी, शिव्यांसकट, हशासाठी नव्हती. त्यांना दुसरी येतच नव्हती. हसायला आलं ते ती काय बोलतात त्यावर. बरीचशी पोरं इथल्याच वस्त्यांतून उचललेली. त्यातल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. बच्चनसाहेब तेवढे मला नागपूरचे वाटले नाहीत. दिग्दर्शक नागराज मंजुळेंना सांगू नका.

‘कोर्ट’ हा सिनेमा मुलानं लावून दिला. त्यात नागपूरचे वीरा साथीदार लोकशाहीर नारायण कांबळे झालेत. वर्षानुवर्षं चळवळीत गाणारा-बोलणारा माणूस, त्याला शाहीर दिसायला मेकअप लागला नाही. कॅमेरा एका जागी उभा, माणसं येतात, जातात, कुणी ओरडत नाही. मला वाटलं नेट अडकलं. मग ती सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी, लोकलनं घरी येते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. दिवसभर कोर्टात एका माणसाला आत टाकायच्या मागे असलेली बाई घरी पोळ्या लाटते! तुमच्या मालिकेत खलनायिकेला गॅस पेटवताना मी अजून बघितलेलं नाही. साथीदार 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले.

‘बाईपण भारी देवा’ला आम्ही सगळ्या बायका मेट्रोनं गेलो, 2023 च्या पावसात. रडलो, शिट्ट्या मारल्या, सगळं केलं. मंगळागौरीचे खेळ मात्र आमच्यातल्या निम्म्या जणींना येत नव्हते. आमच्याकडे भुलाबाई बसते. तिची गाणी, रात्री घरोघरी फिरून बंद डब्यातला खाऊ ओळखायचा, हे सगळं पडद्यासाठी तयार पडलं आहे, कुणी उचलत नाही. मनीषनगरचं रेल्वे फाटकही असंच वाया गेलं. फाटक पडलं की अख्खा मोहल्ला समोरासमोर उभा, स्कूटर बंद करून, एकमेकांच्या घरच्या बातम्या घेत. तुमचा एक महाएपिसोड तिथे फुकट उभा राहत होता. आता पूल झाला, भुयारी मार्ग झाला.

माझं माहेर वडशाकडचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक. दहा-अकराला पडदा उघडतो, उजाडायला आलं की पडतो. माणसं चादरी घेऊन, पोरं मांडीवर झोपवून बसतात. नट वाक्य विसरला तर मागून कुणीतरी पूर्ण करतो, आणि खलनायक जास्तच माजला तर त्याला नावानिशी ऐकवतो. तिथले रंगकर्मी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तुम्ही टीआरपी मोजता, तिथे नटाला थेट समोरून कळतं.

तर विनंती एवढीच. तुमच्याकडची मंडळी नागपूर बघतात ती डिसेंबरात, विधिमंडळाच्या अधिवेशनाला, संत्री खात, स्वेटर घालून. त्या दिवसांत आम्हीही गोड असतो. तुम्ही मे महिन्यात या. 45 अंशांत, दुपारी दोनला, तुमच्या नायिकेला शालू नेसवून बेसा रोडला रिक्षा शोधायला उभी करा आणि तेव्हा ती काय बोलते, ते लिहून घ्या. चॅनलवर चालणार नाही, पण ऐकून ठेवा.

आपली,
मनीषनगरातली एक प्रेक्षक

ता. क. सासूबाई विचारून राहिल्या आहेत की सीआयडीतला दया दारं फोडतो, त्यांचे पैसे कोण देते? मालिका 1998 ची आहे, हिशेब मोठा असेल. जमल्यास कळवा.