आटे

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या दुकानदाराने एकच प्रश्न विचारला होता, "बीएसपी की एनपीटी?" मी तोऱ्यात म्हणालो, "काहीही चालेल हो, पाव इंची जोड द्या." विशाखापट्टणमची 91 मीटर लांब 'कुरसुरा' पाणबुडी तिकीट काढून आतून पाहून आलेला माणूस पाव इंचासाठी कशाला अडेल?

माझी पाणबुडी आठ फुटी. वेल्ड केलेलं लोखंडी पिंप आणि बाहेरून पाण्याच्या टाक्या. टाक्यांत पाणी घेतलं की खाली. दाबाची हवा सोडून ते हुसकलं की वर. हवेच्या 10 लिटरच्या दोन बाटल्या, 150 बार दाबाने भरलेल्या. म्हणजे एकेकीत दीड हजार लिटर हवा. मेव्हण्याच्या शेततळ्यात पाणी जेमतेम तीन मीटर. तिथे 100 लिटरची टाकी रिकामी करायला 130 लिटर हवा पुरते. पण एक बाटली फसली तर? म्हणून दोन! दोन्ही एकाच 'टी'ला जोडल्या. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातले नाहीत. तेवढीच काटकसर.

बीएसपी आणि एनपीटी म्हणजे आट्यांचे दोन प्रकार. पाव इंची बीएसपीला इंचात 19 आटे, एनपीटीला 18. एकात दुसरं दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातं आणि मग गच्च अडतं. अडलं त्यालाच मी घट्ट बसलं समजलो. वर टेफ्लॉन टेपचा फेटा बांधला. बायको म्हणाली, "अहो, गॅसवाला लावतो तसं साबणाचं पाणी लावून बघा की." मी नुसता हसलो.

तळ्याच्या तळाशी टेकलो तेव्हा गेजचा काटा 140वर होता. मग 90. मी काचेवर टिचकी मारली. गेज बिघडलाय, दुसरं काय! 40. गळती एकाच सांध्याला होती, पण 'टी'ने दोन्ही बाटल्या इमानदारीने त्या एका भोकातून रिकाम्या केल्या. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मी.

ठरल्याप्रमाणे पिंपावर आतून पाना आपटला. काठावर मेव्हणा बुडबुडे बघून टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं, दाजींनी ताल धरलाय. अर्थ बायकोला कळला. तिने ओरडून ट्रॅक्टर सुरू करायला लावला आणि दोराला बांधलेला मी, मागची बाजू आधी, फरफटत वर आलो.

झाकण उघडलं. मेव्हणा वाकून म्हणाला, "दाजी, बुडबुड्यांचं झकास जमलंय. पुढच्या खेपेला गावाला बोलावतो."