पॅसेंजरमधलं पानिपत

मिरजेहून बेळगावला जायला जलद गाड्या आहेत. पण जलद गाडीत माणसं कानात बोंडं खुपसून बसतात. इतिहास ऐकायचा तर पॅसेंजरच हवी. ती प्रत्येक ठेसनावर थांबते, क्रॉसिंगला थांबते, कधी कधी नुसतीच थांबते. आणि गाडी थांबली की आपल्याकडच्या माणसाला सतरावं शतक आठवतं.

तिघांच्या बाकावर आम्ही चौघं होतो. खिडकीशी एक निवृत्त मास्तर. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक अजूनही लाल. समोरच्या बाकावर गोकाककडचे एक अण्णा. मिरजेच्या दवाखान्यात गुडघे दाखवून ते बेळगावच्या कोर्टात तारखेला निघाले होते. दावा बांधाचा, आणि तोही सख्ख्या भावाशी. म्हणजे सीमाप्रश्नावर बोलायचा अधिकार डब्यात सगळ्यांत जास्त त्यांचाच. त्यांच्या शेजारी चिंचलीच्या मायाक्काला निघालेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांचं गाठोडं माझ्या पायांच्या जागेत होतं आणि ते तिथून हलणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आमच्या बाकाच्या टोकाला अर्धा बाहेर लटकलेला कॉलेजचा पोरगा.

मिरज सुटल्यावर विजयनगर नावाचं एक चिमुकलं ठेसन लागतं. हंपीच्या साम्राज्याशी त्याचा काय संबंध असेल तो असो, पाटी वाचून माणसं पेटतात खरी.

"१५६५ ला चार सुलतान एक झाले म्हणून," अण्णा पाटीकडं बघत म्हणाले, "न्हाईतर रामरायाला हात लावायची कुणाची छाती होती ओ?"

"त्याच सुलतानांना आलटूनपालटून एकमेकांवर सोडलं कुणी?" मास्तरांचा लाल पेनाचा आवाज लागला. "रामरायानंच ना? मग ते एक होणार नाहीत तर काय!"

दोघांचंही बरोबर होतं. त्यामुळं वाद मिटायची भीती नव्हती.

मला खरं म्हणजे सीमा बघायची होती. नकाशात महाराष्ट्र-कर्नाटकाची रेघ इथंच कुठंतरी रुळांना छेदते. एवढी वर्षं जिच्यावरून मोर्चे निघाले, एस.टी.च्या काचा फुटल्या, सीमेवरच बस अडकून पडल्या, ती रेघ डोळ्यांनी बघावी म्हणून मी दाराशी उभा राहणार होतो. पण रामरायाचं शीर उडालं तेव्हा मी अण्णांच्या तोंडाकडं बघत होतो, आणि मान वळवली तर शेडबाळ. अलीकडं ऊस, पलीकडं ऊस. सीमा ओलांडल्याची दखल एकट्या मोबाइल कंपनीनं घेतली. तिचा स्वागताचा निरोप आला.

"हा सीमावाद म्हणजे नक्की काय आहे?" पोरानं विचारलं. असा प्रश्न पॅसेंजरमध्ये विचारायचा नसतो. पण तो नवखा होता.

मग दोघांनी मिळून पाढे म्हटले. १९५६ ला राज्यपुनर्रचना, मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात. १९६६ ला महाजन आयोग. महाजन म्हणजे भारताचे माजी सरन्यायाधीश. १९६७ ला अहवाल. बेळगाव तिकडंच ठेवलं. निपाणी, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला. आणि अख्ख्या अक्कलकोटासकट २४७ गावं कर्नाटकाला. मास्तर आकडा सुरू करत आणि अण्णा तो पुरा करत. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, ८१४ गावांची मागणी कायम ठेवली आणि २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, इथपर्यंत दोघांत काडीचा फरक नव्हता.

"कोर्टात गेलं म्हणजे झालंच," अण्णा अनुभवानं म्हणाले. "आमच्या बांधाची तारीख पडून पडून वकिलाचं घर दुमजली झालं."

उगारला उसाच्या मळीचा वास डब्यात शिरला. पुढं कृष्णेचा पूल आला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, आणि पूल संपताच मास्तरांनी पानिपत काढलं. का, ते विचारू नये. मराठी माणसाच्या कुठल्याही गप्पा पुरेशा लांबल्या की पानिपतावर जातातच. त्याला फक्त वेळ लागतो, आणि तो पॅसेंजरकडं असतो.

सुटकेस मांडीवर आडवी घेतली गेली. आजींच्या शेंगा रणभूमीवर आल्या. अख्ख्या शेंगा म्हणजे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, सोललेले दाणे म्हणजे घोडदळ, आणि टरफलं म्हणजे बुणगे. टरफलांचा ढीग सैन्यापेक्षा मोठा झाला, आणि मास्तर म्हणाले, "अगदी असंच होतं." अण्णांची तंबाखूची डबी म्हणजे अब्दाली. पोराचा मफलर यमुना. ऑक्टोबर १७६० मध्ये डबी बागपतजवळ मफलर ओलांडून आली आणि मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये बसली.

"म्हणजे आपण वर आणि अब्दाली खाली?" पोरगा चमकला. सगळेच चमकतात. आक्रमण परतवायला गेलेलं सैन्य दक्षिणेकडं तोंड करून लढलं, हे शाळेत कुणी नीट सांगत नाही.

१४ जानेवारी १७६१ ची सकाळ चांगली गेली. शेंगांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. दुपारी विश्वासराव पडले. डब्यात शांतता पसरली. चहावालासुद्धा किटली घेऊन थांबला. मास्तरांनी एक टपोरा दाणा उचलला आणि हळूच सुटकेसच्या कडेकडं सरकवला.

"ह्यो दाना कोन?" आजींनी विचारलं. आतापर्यंत त्या डोळे मिटून होत्या.

"मल्हारराव होळकर."

"कुठं चालवलाय त्येला?"

"मागं. त्यांनी मैदान सोडलं."

आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मायाक्काच्या जत्रेला जाणाऱ्या धनगराच्या म्हातारीपुढं हे वाक्य बोलताना माणसानं आधी आजूबाजूला बघावं. मास्तरांनी बघितलं नव्हतं.

"कोन म्हंतंय सोडलं? बायामानसं सुखरूप न्यायची हुती म्हून गेल्यात ते. भाऊसाहेबानंच सांगितल्यालं. आमच्या मल्हाररावाला नाव ठिवायचं न्हाई, मास्तर."

"तसाही एक मतप्रवाह आहे," मास्तर घाईनं म्हणाले. आयुष्यभर पोरांना छड्या मारलेला माणूस इतक्या पटकन मतप्रवाहावर आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आजींनी मल्हाररावांना उचललं आणि कनवटीला लावलं. उरलेली लढाई होळकरांशिवाय झाली. तेव्हाही शेवटी तशीच झाली होती म्हणा.

"पन हरलं का?" आजींचा पुढचा प्रश्न.

"अनेक कारणं. मुख्य म्हणजे रसद तुटली. माणसं, जनावरं उपाशी होती."

"आन् तुमी खायाचं दानं मांडून बसलाय," असं म्हणून आजींनी उरलेलं सैन्य मुठीत भरलं आणि सगळ्यांना वाटून टाकलं. माझ्या वाट्याला शिंदे आले. खारट होते. चिंचलीला उतरताना त्यांनी सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला, आणि हातात उरला म्हणून अब्दालीच्या डबीलाही.

रायबागच्या पुढं वादाला शिस्त आली. राजे नक्की कुणाचे, हे ठरवायचा नियमच करून टाकू, असं अण्णा म्हणाले. "माणूस मातीला जिथं मिळतो, तिथला. शहाजीराजांची समाधी होदिगेरेला हाय, आमच्यात. म्हणून शहाजीराजे आमचे."

हा वार जिव्हारी होता. मास्तर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नपत्रिका अवघड काढल्यावर येतं तसलं हसू आलं. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच नियम त्यांच्यावर उलटला. अण्णा म्हणाले, "आणि औरंगजेब १७०७ ला नगरला गेला, खुलदाबादेत पुरला. तो तुमचा. ठेवून घ्या."

नियम तत्काळ रद्द झाला. मास्तरांनी नवा मांडला: जिथं जन्म, तिथला. शिवनेरी सुरक्षित झाली, औरंगजेब गुजरातेत दाहोदला गेला, डब्याला बरं वाटलं.

मग पुलकेशीवरून जुंपली. अण्णांचा पुलकेशी बदामीचा, हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा. मास्तर म्हणाले, ऐहोळचा शिलालेख वाचा, इसवी सन ६३४ चा. त्यात रविकीर्तीनं त्याला तीन महाराष्ट्रकांचा धनी म्हटलंय, नव्व्याण्णव हजार गावांचा.

"किती?" अण्णांनी कानाला हात लावला.

"नव्व्याण्णव हजार."

"आणि आपण आठशे चौदावर भांडलालोय!" अण्णा एवढे हसले की गुडघा धरून बसले. शिलालेख संस्कृतात आहे, हे मी मध्येच सांगून बघितलं. दोघांनीही माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिकीट नसलेला प्रवासी आहे.

घटप्रभेला गोकाकचा करदंट विकायला आला. अण्णांनी तो घेतला, आम्हाला दिला आणि तोंडं भरलेली असताना बेलवडीच्या मल्लम्माची गोष्ट सांगितली. मराठी फौजेला गढीवरून झुंजवणारी ही बाई. आपल्याकडं ती सावित्रीबाई. धारवाडजवळ यादवाडला एक जुनं शिल्प आहे, त्यात शिवाजी महाराज तिचं मूल मांडीवर घेऊन त्याला दूध पाजताहेत, असं सांगतात. मास्तर म्हणाले, "शत्रूच्या बाईचा मान राखावा तर महाराजांनीच." अण्णा म्हणाले, "हौद्री." झालं, एकमत! पाच मिनिटं कुणाला काही सुचेना. पोरगा पुन्हा मोबाइलमध्ये गेला, एक गृहस्थ घोरू लागले. पॅसेंजरमध्ये एकमतासारखा कंटाळा नाही.

सुळेभावीनं आम्हाला वाचवलं. हे कुमार गंधर्वांचं गाव.

"जन्म हितला," अण्णा पाटीकडं बोट दाखवून म्हणाले. "भीमसेन गदगकडचे. तुमचा नियम, मास्तर."

मास्तर खरोखर दुखावले. शहाजीराजांच्या वेळी ते चिडले होते. आता त्यांचा आवाजच बसला. "गाणं वेगळं असतं अण्णा. तिथं मातृभाषा, कर्मभूमी..." म्हणता म्हणता त्यांना बेंद्रे आठवले. "मातृभाषा धरली, तर तुमचे ज्ञानपीठवाले बेंद्रे आमचे. घरी मराठीच बोलत."

"बेंद्रे देणार न्हाई," अण्णा ताठ झाले. "कुमार घ्या वाटलं तर. बेंद्रे न्हाई."

"आणि रजनीकांत?" पोरानं खाली बघतच विचारलं. "जन्म बंगळूरचा, घरचं नाव शिवाजीराव गायकवाड, काम तमिळमध्ये."

तिन्ही नियम एकदम कोसळले. रजनीकांतवर हक्क सोडायला कुणीच तयार नव्हतं. घोरणारे गृहस्थसुद्धा उठून बसले, आणि ते निघाले सेलमचे. सांबऱ्यापासून बेळगावपर्यंतची लढाई तिरंगी झाली, तिच्यात कुणीच कुणाचं ऐकलं नाही.

बेळगावच्या फलाटावर अण्णा कोर्टाकडं आणि मास्तर लेकीकडं निघाले. जाताना मास्तर मागं वळून ओरडले, "परतीच्या गाडीला राष्ट्रकूट घेऊ!" अण्णांनी गर्दीतून हात वर केला. वेरूळचं कैलास लेणं कुणाचं, याची तयारी ते कोर्टाच्या बाकावर करणार, हे उघड होतं.

बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं सोडू?"

"किल्ल्यात. कमल बसदी बघायचीय."

"१२०४ ची. रट्टांच्या मंत्र्यानं बांधलेली," तो मीटरकडं न बघता म्हणाला. "पण किल्ला खरा कुणाचा, ठाऊक हाय काय तुम्हाला?"

रट्ट, यादव, विजयनगर, १४७२ चा महमूद गावान, आदिलशहा, पेशवे, १८१८ चे इंग्रज, एवढे हक्कदार माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी भाडं न ठरवताच आत बसलो.