चौघांचा प्लॉट, एकाचा सातबारा

पुण्यात चाळिशी ओलांडली की माणसाला दोन गोष्टी होतात. एक साखर आणि दुसरी जमिनीत पैसे घालायची इच्छा. साखरेवर निदान गोळी आहे. ही दुसरी इच्छा एकट्यादुकट्याला होत नाही. ती चौघांना एकदम होते, बहुधा कुणाच्या तरी गच्चीवर, रात्री अकरानंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर 'लँडलॉर्ड्स' नावाचा ग्रुप तयार असतो. डीपीला डोंगर असतो. जमीन अजून कुठेच नसते.

भागीदार निवडण्यात मात्र ही मंडळी पक्की असतात. पहिला पैसेवाला. याने नुकतीच व्हीआरएस घेतलेली असते आणि एफडीचं व्याज हा त्याला स्वतःचा अपमान वाटू लागलेला असतो. दुसरा ओळखीवाला. याच्या साडूचा मित्र तलाठी. (सरकारने तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' केलं, पण ओळख अजून तलाठ्याशीच असते.) तिसरा अमेरिकेत. तो डॉलर पाठवतो आणि आपल्या झोपेच्या वेळी 'एनी अपडेट?' असं विचारतो. चौथा सगळ्यांत मोलाचा, म्हणजे शेतकरी. हा बाणेरला आयटीत कामाला असतो, नांगराची त्याला ओळख निवडणूक चिन्हापुरती असते. पण आजोबांच्या सांगलीकडच्या अठरा गुंठ्यांच्या उताऱ्यावर अकरा चुलतभावांच्या रांगेत याचंही नाव असतं. तेवढं पुरतं. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अमेरिकावाल्याला तर परकीय चलनाचा फेमा कायदाच शेतजमीन घेऊ देत नाही. मग पैसे चौघांचे आणि खरेदीखत शेतकऱ्याच्या नावावर, असं ठरतं. बाकी तिघांची नावं कुठे? ग्रुपवर. त्यातला एक तर ॲडमिनही असतो.

मग रविवारी जागा बघायला निघायचं. हल्ली गाडी पुरंदरकडे वळते. काही वर्षांपूर्वी हीच गाडी चाकण-राजगुरुनगरकडे वळायची, कारण तेव्हा विमानतळ तिकडे व्हायचं होतं. २०१६ मध्ये ते पुरंदरला गेलं आणि त्याच्या मागोमाग लँडलॉर्ड्सही गेले. ज्या सात गावांत विमानतळ होणार, त्या वनपुरी, कुंभारवळण, पारगावकडचे शेतकरी जमीन द्यायची नाही म्हणून रस्त्यावर उतरतात. त्याच रस्त्याने आपले चौघे जमीन घ्यायला जातात, वाटेत थांबून सीताफळं घेतात आणि आंदोलनामुळे ट्रॅफिक झालं म्हणून कुरकुरतात.

जागेवर एजंट उभा असतो. पांढरा शर्ट, हातात काठी.

"हद्द कुठली?"

"त्या बाभळीपासनं ह्या दगडापर्यंत."

"मोजणी झालीय?"

"करू की मोजणी. माणसावर विश्वास पाहिजे साहेब."

"एनए?"

"होणारच आहे."

"रस्ता?"

"मंजूर आहे."

"दिसत नाही तो."

"नकाशात आहे ना."

इथे चौघांनी गाडीत बसून घरी यायला हवं. पण तेवढ्यात ओळखीवाला एजंटला चार पावलं बाजूला घेऊन जातो, परत येतो आणि हळूच सांगतो, "नाशिकची पार्टी उद्या टोकन देतेय." नाशिकची पार्टी आजवर कुणी पाहिलेली नाही. महाराष्ट्रातले निम्मे विसार मात्र तिच्याच धाकाने दिले जातात. विसार अर्थातच रोख. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नये, असं आयकराचा कायदा म्हणतो. पैसेवाल्याने आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली असते आणि हा नियम त्याने हजार ग्राहकांना ऐकवलेला असतो. नोटा मोजतोही तोच.

परतीच्या वाटेवर कुणीतरी चाचरत म्हणतं, "आपसात काहीतरी लेखी करायला हवं का?" गाडीत शांतता पसरते. मग शेतकरी दुखावल्या आवाजात म्हणतो, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?" संपलं. विषय कायमचा बंद. हेच चौघे हॉटेलात गेले की बिलाची वाटणी मोबाइलवर पैशापर्यंत करतात, आणि मसाला पापड ज्याने मागवला त्याच्याच खात्यावर टाकतात. पापडाला हिशेब लागतो, चाळीस लाखांना मैत्री पुरते.

फारच आग्रह झाला तर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दोन पानं लिहून नोटरीचा शिक्का मारतात. नोटरीचा शिक्का बसला की कागद पक्का झाला, अशी आपल्याकडे गाढ श्रद्धा आहे. १९०८ चा नोंदणी कायदा शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराचा व्यवहार नोंदवायला सांगतो, आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्राने किंवा साठेखताने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगून ठेवलंय. पण न्यायालय दिल्लीला आहे आणि नोटरी कोपऱ्यावर.

शिवाय पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, या प्रकाराला ग्रुपवर 'ॲडजस्टमेंट' म्हणत असले तरी कायद्यात त्याला बेनामी म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. मालमत्ता जप्त होते ती वेगळीच. आणि जमीन खरं म्हणजे माझीच आहे हो, असा दावा कोर्टात लावायची सोय १९८८ पासूनच नाही. तीन मित्रांनी मिळून चौथ्याला जमीन भेट दिली, एवढाच याचा सरळ अर्थ.

चार-पाच वर्षं बरी जातात. वाढदिवसाला प्लॉटवर हुरडा पार्टी होते, प्रत्येकाची बायको त्याला एकांतात "आपल्या नावावर कधी होणार?" विचारते. मग पैसेवाल्याच्या मुलीचं लग्न ठरतं आणि त्याला त्याचा वाटा हवा होतो. आता शेतकऱ्याच्या लक्षात येतं की भाव अजून यायचाय. ओळखीवाल्याच्या लक्षात येतं की आपण पैसे कमी आणि ओळख जास्त घातली होती, तिचाही मोबदला धरायला हवा. अमेरिकावाला एक्सेल शीट पाठवतो. वीस गुंठ्यांचे चार तुकडे पाडू म्हणावं तर तुकडेबंदी आडवी येते. २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीला वीस गुंठ्यांचं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलंय, त्याखाली वाटणी बसत नाही. २०२५ मध्ये सरकारने शहरी पट्ट्यापुरती सवलत दिली, तेव्हा एजंटने ग्रुपवर तीन फटाके टाकून 'तुकडेबंदी उठली!!' असं लिहिलं होतं. आपली जागा त्या पट्ट्यात बसते का, हे विचारल्यावर त्याने 'चेक करतो' लिहिलं. मैत्री तुटते, जमीन तुटत नाही.

आणि मधल्या काळात शेतकऱ्याचं बरंवाईट झालं, तर वारसनोंद होते, फेरफार पडतो आणि उताऱ्यावर त्याची बायकामुलं येतात. दहाव्याला आलेल्या तीन मित्रांना वहिनी चहा देतात. त्या चहाबरोबर 'वहिनी, त्या पुरंदरच्या...' हे वाक्य कसं सुरू करायचं, याचा नमुना कुठल्याच वकिलाकडे मिळत नाही.

भागीदारी ही वाईट गोष्ट आहे असं नाही. १९३२ पासून तिचा कायदा आहे, फर्मची नोंदणी करता येते. नोंदणी नसेल तर कराराचा हक्क बजावायला भागीदारावर दावा लावता येत नाही, फार तर फर्म मोडून हिशेब मागता येतो, हे त्याच कायद्याचं कलम ६९ सांगतं. शेतजमिनीचा हट्ट सोडला आणि रीतसर एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला प्लॉट घेतला, तर चौघांची नावं एकाच खरेदीखतावर येतात, कुणाला नांगर धरावा लागत नाही. पाचशे चौरस मीटरवरच्या प्लॉटिंगला महारेराचा नंबर लागतो, तो घरबसल्या तपासता येतो. पण त्यात गच्चीवरची मजा नाही.

तर लँडलॉर्ड्स हो, पुढच्या रविवारी निघण्याआधी एवढं करा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. गावाचं नाव आणि गट नंबर लागतो. गट नंबर एजंटकडे मागा. तो 'जागेवर आल्यावर देतो' म्हणाला, तर रविवारी घरीच झोपा.